हिवाळ्याची सावड

ताई, तुझं घर हिवाळ्याला तयार झालं. हे आधी सांगून टाकते, बाकीचं मागून. पुढच्या दाराला नवी रबरी पट्टी लागली, रेडिएटरमधली अडकलेली हवा काढून झाली, आता ते वरपर्यंत तापतात, मागच्या अंगणातला नळ आतून बंद केला, पन्हळीतला पाला निघाला आणि तुझा कढीपत्ता कुंडीसकट घरात आला. त्याची थोडी पानं कमी दिसतील, ती पोह्यांत गेली. ओरडू नकोस. आता ओरडायला तू नाहीस, हे माझ्या डोक्यात अजून नीट शिरलेलं नाही, म्हणून सारखी सवयीने सफाई देत असते.

सप्टेंबरात तू गेलीस. पुण्यानुमोदनाच्या सभेला किती माणसं आली होती. रायस्वाइकहून आपली मंडळी आली, लायडनहून तुझ्या लॅबमधले आले, तुझे जुने विद्यार्थी आले. प्रत्येकजण उठून तुझ्या संशोधनाबद्दल, तुझ्या शिस्तीबद्दल बोलत होता. मला दोनदा खूण झाली, पण मी उठले नाही. मला जे सांगायचं होतं ते उदबत्ती, किल्ली आणि उंदीर यांच्याबद्दलचं होतं. त्या सभेत ते कसं शोभणार? म्हणून ते इथे, तुलाच सांगते.

आपली ओळख माझ्या अकलेच्या दिवाळखोरीमुळे झाली, हे तू आयुष्यभर ज्याला-त्याला सांगत आलीस. आज मी सांगते. कापेल गावातलं ते आमचं पहिलं भाड्याचं घर. मी पिंपरीहून नुकती आलेली, नितीनला इथे नोकरी, मला अजून नाही. प्रत्येक खिडकीच्या वर एक लांबट जाळी, आणि तिच्यातून गार वारा थेट मानेवर. मला वाटलं, बांधणाऱ्याने केलेला कामचुकारपणा. आपल्याकडे फट दिसली की बुजवायची, हे कुणी शिकवावं लागत नाही. सामानाच्या खोक्यांची तपकिरी चिकटपट्टी उरली होती. मी खुर्चीवर चढून एकूण एक जाळी बंद केली, बाथरूमचीसुद्धा. पत्र टाकायची दारातली झडपही सोडली नाही. नितीन कामावरून आला, म्हणाला, "ब्रिलियंट." त्याचं मत तेव्हापासून मी विचारत नाही.

मग आमचं नेहमीचं चालू. कुकरच्या शिट्ट्या, दिवसभर चहा, बेडरूममधल्या रेडिएटरवर वाळत घातलेले कपडे. महिना व्हायच्या आत काचांवरून पाण्याच्या धारा लागल्या आणि कपाटामागची भिंत काळी पडली. मला वाटलं छप्पर गळतंय. घरमालकाने माणूस पाठवला. त्याने वर पाहिलं, चिकटपट्टी पाहिली, डचमध्ये लांबलचक काहीतरी बोलला आणि निघून गेला.

त्याच दुपारी सुपरमार्केटमध्ये मी आईला फोनवर तावातावाने सांगत होते की या देशात घरंसुद्धा रडतात. आणि मागून आवाज आला, "रडून नाही राहिलं ते. घाम येऊन राहिला त्याले. तू काहून त्याचं तोंड दाबलं?"

वळून पाहिलं तर रेनकोट घातलेली, केसांत पांढरी बट असलेली एक बाई गाजरं निवडतेय. अमरावती सोडून तुला तेव्हा वीसेक वर्षं झाली होती, लायडनला सायन्स पार्कमध्ये तू मोठी संशोधक होतीस, पण तोंड उघडलंस की वऱ्हाड बाहेर. आईला मी काय सांगून फोन ठेवला आठवत नाही. तू तुझी पिशवी घेऊन तशीच माझ्या घरी आलीस, खुर्चीवर चढलीस आणि सगळी चिकटपट्टी टराटरा ओढून काढलीस. भिंत पुसून घेतलीस, माझ्याकडून. मग माझ्याच ओट्यावर चहा केलास, आलं कुठे आहे तेवढं मला विचारलंस.

मी तुला म्हटलं होतं की मार्च आला की मी परत जाणार, नितीन राहिला तर राहू दे. तू बशीत चहा ओतलास आणि म्हणालीस, "एक हिवाळा नीट काढून पाय. मग खुशाल जा." मला राग आला होता. आपल्याला रडायचं असतं तेव्हा शहाणपण कुणाला हवं असतं? पण मी थांबले, आणि थांबले ती थांबलेच. मुलगी झाली, नोकरी लागली, घर घेतलं, तेही तुझ्यापासून तीन गल्ल्यांवर.

पुढच्या ऑक्टोबरात तू स्वतःहून आलीस, नितीनकडून शिडी धरून घेतलीस, आमचं सगळं घर थंडीसाठी बंदिस्त करून दिलंस, जाळ्या सोडून. दुसऱ्या शनिवारी आम्ही तुझ्याकडे. माझ्या आईला व्हिडिओ कॉलवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, मग ही सावडच की." साताऱ्याकडे तिच्या माहेरी पेरणी-कापणी अशीच व्हायची. आज सगळ्यांनी तुझ्या रानात राबायचं, उद्या सगळ्यांनी माझ्या. मजुरी नाही, हिशोब नाही, ज्याचं रान त्याच्याकडे जेवण. तुला तो शब्द इतका आवडला की तू तो उचललासच. तुझ्या डच सहकाऱ्यांनासुद्धा सांगायचीस, "शनिवारी मला सावड आहे." ते बिचारे समजायचे एखादा सण असेल. आणि खरं म्हणजे सणच होता तो. दिवाळी कधी कामाच्या दिवशी यायची, कधी कुणी आजारी असायचं. सावड कधी चुकली नाही.

चार माणसं आणि कामांची वाटणी ठरलेली. नितीन शिडीवर, पन्हळीत हात घालून कुजका पाला काढणार आणि नाक मुरडणार. दाजी खाली शिडी धरणार. तुझ्या नवऱ्याला, आमच्या दाजींना, याहून जास्त काम कुणी कधी दिलं नाही. एका हाताने शिडी, दुसऱ्या हातात फोन, त्यावर क्रिकेटचा स्कोअर. एकदा नितीन वरून हाका मारत होता आणि दाजी आउट झालेल्या फलंदाजाबद्दल हळहळत होते. आपण दोघी आतल्या कामाला. आणि आतलं काम म्हणजे उदबत्ती.

ही उदबत्तीची युक्ती तुझी. वारा कुठून आत येतोय ते हाताला कळत नाही, पण धुराला कळतं. सकाळी वंदना झाली की तीच उदबत्ती हातात घेऊन तू प्रत्येक दाराच्या, खिडकीच्या कडेने हळूहळू फिरायचीस. धूर सरळ गेला तर ठीक. वाकला की तू म्हणायचीस, "इथं आहे लेकाचा." आणि मी तिथे पेन्सिलीने खूण करायची. तुझ्या शेजारची मार्लेन एकदा काचेतून बराच वेळ पाहत उभी होती. शेवटी न राहवून तिने विचारलं, खिडकीची पूजा करता का? तू गंभीर चेहऱ्याने म्हणालीस, "हो. पाय गरम राहावेत म्हणून." पुढच्या वर्षी ती स्वतःच्या दारात उदबत्ती घेऊन फिरताना दिसली. ती चंदनाची नव्हती, कसल्याशा लव्हेंडरची होती, पण धूर वाकला की मार्लेन बरोबर थांबत होती.

आता उंदरांचं. ते मी सोडणार नाही. तुझ्या बाजूने बोलायला तू नाहीस, पण तू असतानाही तुझ्या बाजूने बोलण्यासारखं त्यात काही नव्हतं. दाराखालची फट बुजवायला इथे दुकानात लांब कापडी उशी मिळते. तू म्हणालीस, "विकत काहून आणाची? आपण शिवू." जुन्या सुती साडीची लांब नळी शिवलीस, फार सुबक. आणि आत काय भरावं? वाळू जड, कापूस हलका. म्हणून या बाईने, जिने हयात प्रयोगशाळेत घालवली, त्यात कोलम तांदळाची कणी भरली. दोन घरांसाठी दोन. डिसेंबरात उंदीर आले. अख्खी उशी फस्त. साडीचे काठ तेवढे ठेवले त्यांनी, तेही बहुधा पोट भरलं म्हणून. दाजी पाय वर घेऊन सोफ्यावर बसले होते आणि तू हातात झाडू घेऊन मला फोनवर सांगत होतीस, "सुजाता, तुझी उशी पाय. आत्ता पाय." मी पाहिली. माझ्याकडचे उंदीर जास्त भुकेले होते.

किती हसलो आपण त्या वर्षी. माझी मैत्रेयी तेव्हा लहान होती, तिने शाळेत डचमध्ये सांगितलं की आमच्याकडे उंदरांसाठी भात शिवतात.

भांडणाचंही लिहायला हवं, कारण ते अर्धवट राहिलंय. खिडकीवरच्या जाळ्या. पहिल्या दिवशी तू चिकटपट्टी काढलीस ते बरोबर, मी तेव्हाच कबूल केलं. पण म्हणून बारा महिने सताड उघड्या ठेवायच्या? आणि वर रोज सकाळी, बाहेर बर्फ असला तरी, पाच मिनिटं सगळ्या खिडक्या उघडायच्या? तू म्हणायचीस, घराला श्वास लागतो, इथली माणसं उगाच नाही उघडत. मी म्हणायची, मी रात्रभर तापवलेली हवा आहे ती, काय म्हणून रस्त्यावर सोडू? मग तू बुरशीवर व्याख्यान द्यायचीस, मी पिंपरीच्या भाषेत उत्तर द्यायची, आणि नितीन व दाजी अंगणात जाऊन उभे राहायचे. दर वर्षी हेच. माझ्या घरी आलीस की तू जाळी उघडायचीस, तू पाठ फिरवलीस की मी बंद करायची. मला अजूनही तुझं पटलेलं नाही, ताई. तू गेलीस म्हणून तुझं बरोबर ठरत नाही.

एक मात्र तुझ्या तोंडावर कधी म्हटलं नाही. आपल्यात तशी रीतच नव्हती, कौतुक करायचं झालं तरी आपण टोमण्यातून करायचो. माझी आई तिकडे, आणि इथे मला कडकडून भांडता येईल, न सांगता जाऊन जेवता येईल, रागावून आले तरी परत जाता येईल असं घर एकच होतं. या परक्या गावात तुझं घर माझं माहेर होतं. मी खूप सुखाने राहिले इथे, आणि ते तुझ्यामुळे. बस, एवढंच.

या उन्हाळ्यात तुझं दुखणं वाढलं. पलंग खाली दिवाणखान्यात आणला. ऑगस्टमध्ये भर उन्हात, अंगावर पातळ चादर, आणि तू मला म्हणतेस, "पट्टी आताच आणून ठेव. ऑक्टोबरात दुकानात चांगली उरत नाही." मी म्हटलं, आपण दोघी जाऊन आणू. तू चादर सारखी केलीस. मग म्हणालीस, "सुधाकरले रेडिएटरची हवा काढता येत नाही." तीस वर्षं मोठमोठ्या कंपन्यांची सॉफ्टवेअर सांभाळली दाजींनी, त्यांना एक छोटी किल्ली फिरवता येणार नाही होय, असं म्हणून मी ते हसण्यावारी नेलं. तूही हसलीस. पण तुला काय म्हणायचं होतं ते मला कळलं होतं.

ऑक्टोबर लागला. मी डबा घेऊन गेले तर घरात दाजी कोट घालून बसलेले. हीटिंग बंद. म्हणाले, "एका माणसासाठी कशाला?" मग म्हणाले की घर विकायचं, अमरावतीला भावाकडे जायचं, त्यांनी वरची खोली मोकळी करून ठेवली आहे. मी तुझंच वाक्य त्यांच्यावर फेकलं, की एक हिवाळा नीट काढून बघा, मग खुशाल जा. ते म्हणाले, "हे तिचं आहे." आणि खिडकीबाहेर पाहू लागले. मी डबा ओट्यावर ठेवला.

मी घरी येऊन नितीनवर चिडले, त्याचा काही संबंध नसताना. दाजींची काळजी होतीच. गार घरात एकटा माणूस, खातोय काय, झोपतोय कधी. पण खरं सांगू? मला माझीही होती. तू गेलीस ते गेलीस. आता ते घरही जाणार, तिथे कुणी दुसरे राहायला येणार, आणि मी त्या गल्लीतून सायकलवरून जाताना मान वळवणार नाही अशी सवय करून घेणार. मला ते नको होतं.

शुक्रवारी फोन केला. "दाजी, उद्या सकाळी सावड. तुमच्याकडे."

"नको गं. या वर्षी राहू दे."

"मी विचारत नाहीये. कळवतेय."

आम्ही तिघं गेलो. नितीन शिडीवर, शिडी धरायला दाजी आले नाहीत म्हणून मार्लेनचा नवरा. आत मैत्रेयीने उदबत्ती घेतली. आता चौदा वर्षांची आहे ती, मराठी सगळं कळतं आणि उत्तर डचमध्ये. तू चालायचीस तशीच, कडेकडेने, हळू. धूर वाकला की म्हणायची, "हीर," म्हणजे इथे. दाजी कोट घालून खुर्चीत बसून तिच्याकडे बघत होते.

मी रेडिएटरच्या कामाला लागले. खालचे झाले, वर गेले, तर दाजी जिन्यात मागे उभे. हात पुढे केला. "दे ती किल्ली. मी करतो." मी दिली. खाली वाटी धरायची आणि किल्ली अगदी थोडीशी फिरवायची, हे मी सांगेपर्यंत त्यांनी ती जोर लावून फिरवली. फुस्स झालं, आणि मग आतलं ते काळं, घाणेरड्या वासाचं पाणी कारंज्यासारखं त्यांच्या चष्म्यावर, कोटावर, मिशीवर. मी ओरडतेय, "बंद करा, बंद करा," आणि त्यांना कळेना की बंद कुठल्या बाजूला. मैत्रेयी दारात आली आणि पोट धरून हसायला लागली. दाजींनी चष्मा काढला. डोळ्यांभोवती दोन पांढरी वर्तुळं, बाकी चेहरा काळा. तेही हसले. इतके हसले की पलंगाच्या कडेवर बसावं लागलं, आणि हसता हसता रडायला लागले. मीही रडले. मैत्रेयीने एकदा आमच्याकडे पाहिलं आणि डचमध्ये म्हणाली की ती चहा ठेवते. मला तिच्यात तेव्हा तू दिसलीस, फक्त आलं तिने न विचारता शोधलं.

कोट काढावाच लागला, आणि घर गरम असल्याशिवाय कोट काढता येत नाही. म्हणून हीटिंग लागलं. ज्याचं घर त्याच्याकडे जेवण, हा नियम दाजींना बरोबर आठवत होता. त्यांनी पोहे केले. फोडणी करपली, मीठ दोनदा पडलं, आणि आम्ही सगळे दुसऱ्यांदा वाढून घेऊन जेवलो.

जाण्याबद्दल मात्र ते काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. आठवडाभर फोन नाही. बुधवारी दाजी नितीनला भेटले तेव्हा विमानाच्या तिकिटांबद्दल काहीतरी विचारत होते म्हणे. मी म्हटलं, संपलं. शनिवारी सकाळी नितीनला सांगितलं की आपलं आपण करून घेऊ, शिडी धरायला मी येते.

नऊ वाजले असतील, दार वाजलं. दाजी. तुमची लांब शिडी खांद्यावर घेऊन तीन गल्ल्या चालत आलेले, कान लाल झालेले. म्हणाले, "सावड फेडायला आलो."

दिवसभर काम केलं त्यांनी. सगळ्या रेडिएटरची हवा एकट्याने काढली, आणि थेंब बाहेर सांडला नाही. शिडी दोन्ही हातांनी धरली. दुपारी खिडकीवरच्या जाळीखाली उभे राहून म्हणाले, "विशाखा म्हणायची, ही उघडी हवी." मी म्हटलं, "दाजी, तिच्याशी माझं भांडण चालू आहे. तुम्ही मध्ये पडू नका." ते निमूट पुढच्या खिडकीकडे गेले.

मग आम्ही जेवायला बसलो. मी तव्यावरून गरम थालीपीठं वाढत होते. दाजींनी दही घेतलं, दोन घास खाल्ले, आणि तिसरा मोडता मोडता सहज म्हणाले, "सुजाता, पुढच्या वर्षी आधी माझ्याकडे या. माझ्याकडची दारं जुनी आहेत, वेळ लागतो."

नितीन तिकिटाचं काहीतरी विचारणार होता, मी टेबलाखाली त्याचा पाय दाबला. "येऊ," म्हटलं, आणि तव्याकडे वळले, कारण डोळे भरून आले होते आणि थालीपीठ करपत होतं. ऐकलंस ना, ताई? पुढच्या वर्षी, म्हणाले.